जलपरी आणि चेअरमन

माझ्या भाचीचा वाढदिवस ज्या दिवशी असतो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी भाच्याचा असतो. ती त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तारखा अशा शेजारी आल्या हे काही माझ्या बहिणीनं ठरवून केलेलं नाही, पण सासरी तिचं कौतुक असं होतं, जणू सुनेनं मोठीच काटकसर साधली. कारण दोघांत केक एकच. आणि तो कापायचा भाच्याच्या दिवशी, कारण काय, तर "तवा समदे जमत्यात." एका वर्षी भाचीची तारीख रविवारी आली आणि भाच्याची सोमवारी. केक सोमवारीच कापला. त्या सोमवारी कोण जमलं होतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी नगरला राहते. कागदावर आता अहिल्यानगर झालं आहे, पण श्रीरामपूरच्या स्टँडवर कंडक्टर अजून "नगर, नगर" असाच ओरडतो आणि मीही तेच ऐकून गाडीत चढते. बहिणीचं गाव श्रीरामपूरजवळच, चहूकडून उसानं वेढलेलं. मावशी हे पद मला फार मानवतं. लाड करायचे सगळे अधिकार आपल्याकडे आणि पाढे पाठ करून घ्यायची जबाबदारी आईकडे. "माय मरो पण मावशी जगो" ही म्हण मी बहिणीसमोर मुद्दाम म्हणते. तिच्या हातात त्या वेळी जे असेल ते ती मला फेकून मारते.

यंदा भाची दहा वर्षांची होणार होती. महिनाभर आधीच तिनं आईच्या मोबाईलवरून मला फोन लावला.

"मावशी, मला माझा केक पायजे."

"असतोच की दरवर्षी."

"तो दोघांचा आसतो. मला माझा पायजे. माझ्या दिवशी. आन् मी एकटीच कापनार."

रडणं नाही, हट्ट नाही. वकिलाकडून नोटीस लिहून घ्यावी तसं एकेक कलम ती सांगत होती. केकवर काय हवंय, असं विचारलं, तर म्हणाली जलपरी. निळ्या शेपटीची, केस मोकळे सोडलेली. ज्या गावात पाण्यात डुंबणारी म्हणजे फक्त म्हैस, त्या गावात हिला जलपरी हवी होती. मला हसू आलं, पण तिच्या त्या शांत आवाजानं आत कुठंतरी टोचलंही. इतकं साधं मागायला पोरीला एवढी तयारी करावी लागली होती. हिला हा केक मिळालाच पाहिजे, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

बहिणीला सांगितल्यावर ती म्हणाली, "कशाला लाडावून ठेवतीस? सासूबाई बोलतील." मी म्हटलं, बोलू देत, त्यांना तोंड आहे. तसं माझ्या बहिणीच्या सासूचं आणि माझं बरं जमतं. बाई खडूस आहे, पण पोटात एक आणि ओठात एक असला प्रकार नाही. मी घरात शिरले की "आली का नगरची बया" म्हणते आणि लगेच चहा टाकायला लावते.

वाढदिवस शनिवारी होता, म्हणजे भाच्याचा रविवारी. शनिवारी दुपारी मी श्रीरामपूरला उतरले, आधी सांगून ठेवलेला केक बेकरीतून उचलला आणि दाजींच्या मोटारसायकलवर मागे बसले. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, अत्यंत सज्जन माणूस. फक्त त्यांना स्पीडब्रेकर दिसत नाहीत. मांडीवरचा खोका दोन्ही हातांनी धरून, तोंडानं देवाचं नाव घेत आणि मनातल्या मनात दाजींना शिव्या देत मी ती जलपरी गावात सुखरूप नेली. भाचीनं झाकण उघडून बराच वेळ नुसतं बघितलं. मग म्हणाली, "डोळे पन निळे हायेत." बास. त्यात माझी सगळी हाडं वसूल झाली.

पण गावाची विजेची डीपी जळालेली होती. दोन दिवस लाइट नव्हती आणि फ्रिजचा उपयोग भांडी ठेवायला चालला होता. एप्रिलचं ऊन. तासाभरात जलपरीचे केस तिच्या कपाळावर उतरायला लागले. तेव्हा दाजींना सुचलं की दूध डेअरीत जनरेटर आहे आणि दूध गार ठेवायची खोलीही आहे. संध्याकाळपर्यंत केक तिथं ठेवू. सगळ्यांनी दाजींच्या डोक्याची तारीफ केली. ती तारीफ पुढं आम्ही परत घेतली.

त्याच दिवशी डेअरीच्या चेअरमनचाही वाढदिवस होता. गावात शिरतानाच त्यांचा फ्लेक्स लागला होता: पांढरा शर्ट, काळा गॉगल, हात जोडलेले, आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. डेअरीच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या सगळ्यांना भेळ होती, त्यामुळे ज्यांच्याकडं गायही नाही असेही बरेच दूध उत्पादक जमले होते. बहिणीची सासू तर पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली होती.

आम्ही चौघं, म्हणजे बहीण, मी आणि दोन्ही पोरं, केक आणायला गेलो. आतल्या माणसानं गार खोलीतून एक खोका आणून भाचीच्या हातात दिला. तोच रंग, तीच बेकरी. तिनं झाकण उघडलं. आत चेअरमन होते.

अख्खा फोटो छापलेला. गॉगल, मिशा, जोडलेले हात. कडेनं क्रीमची फुलं. भाचा आनंदानं ओरडला, "ह्ये तर चेअरमन!" आणि त्याच वेळी बाहेर लाउडस्पीकरवर कोणीतरी गरजलं, "आता आपले लाडके चेअरमनसाहेब केक कापतील, जोरदार टाळ्या!"

भाची खोका माझ्या हातात कोंबून पळाली. आम्ही तिच्यामागं मांडवात पोचलो तेव्हा स्टेजवर चेअरमन हातात सुरी घेऊन उभे होते आणि पुढं टेबलावर निळ्या शेपटीची जलपरी ऐसपैस आडवी पडली होती. कार्यकर्ते एकमेकांकडं बघत होते. चेअरमनच्या बायकोनं पदर तोंडाला लावला होता, ती हसत होती की रागावली होती ते कळेना. चेअरमन बिचारे घामाघूम. पोरांनी काहीतरी आधुनिक आणलंय, आता माइकसमोर कसं विचारायचं, असा त्यांचा चेहरा होता. त्यांनी शेपटीच्या टोकाला सुरी लावली.

"थांबा! त्यो माझाय!"

भाची स्टेजवर चढली होती. पोरीच्या पायात चप्पलही नव्हती. माइक चालू होता, त्यामुळं सगळ्या गावानं ऐकलं.

"आज माझा वाढदिवस हाय. मावशीनं आनलाय. तुमचा तिकडं हाय, फोटोवाला."

मी फोटोवाला खोका वर करून दाखवला. मांडवात हशा पिकला. चेअरमन तयारीचे गडी. लगेच हसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो काढणाऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आरं वा! मंग ये की, लेकरा. आपन दोघं मिळून कापू."

तिनं त्यांचा हात बाजूला केला. "न्हाई. दरवर्षी दोघंच कापतो. या वर्षी मी एकटी."

मला बोलायचं होतं, पण बहिणीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. चेअरमननी क्षणभर गावाकडं बघितलं, गावानं चेअरमनकडं. मग त्यांनी सुरी तिच्या हातात दिली, माइक हातात घेतला आणि लेकींनी कसं पुढं यायला पाहिजे यावर जागच्या जागी भाषण ठोकलं. भाषण चालू असतानाच तिनं केक कापला. एकटीनं. टाळ्या पडल्या, त्या भाषणाला की तिला, कोण जाणे. तिनं जलपरीच्या शेपटीचा तुकडा उचलला आणि सरळ आपल्याच तोंडात घातला.

"अगं ए!" पुढच्या खुर्चीवरून आजीचा आवाज आला. "आधी देवाला, मंग मोठ्या मान्सांला! पोरीच्या जातीनं आधी आपल्याच तोंडात घालायचं आसतं व्हय?"

काही बाया हसल्या. भाचीचं चावणं थांबलं. गाल फुगलेला तसाच. मग तिनं तो घास कसाबसा गिळला, खाली उतरली आणि आधी आजीला, मग आईला, मग मला असं रांगेनं सगळ्यांना भरवत सुटली. भावालाही भरवलं. स्वतः मात्र परत काही खाल्लं नाही. केक तिला मिळाला होता, पण तोंडची चव गेली होती. मी आजींकडं रागानं बघितलं. आजी भेळ खात होत्या.

राहिला चेअरमनचा केक. तो टेबलावर मांडला आणि त्यांनी सुरी उचलली, तशी त्यांची बायको पुढं आली. "नवऱ्याच्या फोटोवर सुरी? आन् माझ्या डोळ्यांदेखत? मुळीच न्हाई." मान कुठून कापायची यावर कार्यकर्त्यांत चर्चा झाली. गॉगल वगळून कडेकडेनं कापू, असाही एक ठराव आला. बाईंनी ऐकलं नाही. अखेर चेअरमननी पेढ्यावर भागवलं आणि फोटोवाला केक मोठ्या मनानं माझ्या भाच्याला देऊन टाकला, कारण त्याचा दुसऱ्या दिवशी वाढदिवस आहे हे त्यानं तोपर्यंत स्टेजवरच्या प्रत्येकाला सांगून झालं होतं.

रविवारी सगळे जमले. खरंच जमले, ते मी आता मान्य करते. चुलते, चुलत्या, त्यांची पोरं, शेजारची दोन घरं. टोप्या, फुगे, फेसाचे फवारे. बहिणीनं पाटावर बसवून दोघांनाही ओवाळलं, भाचीला सुद्धा, आदल्या दिवशी गडबडीत राहिलं होतं म्हणून. मग भाचा सुरी घेऊन, रात्रभर डेअरीतच गार ठेवलेल्या चेअरमनवर तुटून पडला. कोणी म्हणे नाक काप, कोणी म्हणे गॉगल. दाजी तेवढे "जरा दमानं, डेअरीत दूध घालायचंय आपल्याला" म्हणत होते. भाच्यानं बरोबर मिशा कापून घेतल्या आणि अख्ख्या तोंडात कोंबल्या.

घर हसून लोळलं. आजी तर डोळ्याला पदर लावून हसत होत्या. "माझं वाघरू! चेअरमनच्या मिशाच खाल्ल्या की रं!" पोरगं काळं क्रीम गालांना माखून नाचायला लागलं. टाळ्या, शिट्ट्या.

भाची कडेला बश्या मांडत होती. तिनं हातातल्या बश्या खाली ठेवल्या आणि आजीसमोर येऊन उभी राहिली.

"आजी, आता बोल की."

"काय बोलू?"

"काल मला बोल्लीस ते."

हसणं कमी कमी होत थांबलं. माझ्या बहिणीनं घाईनं मध्ये तोंड घातलं, "असू दे गं, लहान हाय तो."

"मी पन लहानच हाय," भाची म्हणाली. तिनं आईकडं बघितलं सुद्धा नाही. ती आजीकडंच बघत होती. मी पुढं सरकले, पण दाजींनी मला डोळ्यांनीच थांबवलं. ते पहिल्यांदाच वेळेवर थांबवत होते.

आजींनी नातीकडं बघितलं. मला वाटलं, आता हिला फटका बसणार. आजी उठल्या, नाचणाऱ्या नातवाचं बखोट धरलं आणि त्याच्या पाठीत हलकी चापट घातली.

"आधी देवाला, मंग मोठ्या मान्सांला. आधी आपल्याच तोंडात घालायचं आसतं व्हय?"

पोरगं एवढं थक्क झालं की रडायलाच विसरलं. त्याला आयुष्यात असं कोणी बोललं नव्हतं.

"अर्धंच म्हनलीस," भाची म्हणाली. "पोराच्या जातीनं, ते राह्यलं."

फुगे लावलेल्या भिंतीला टेकून बहीण उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसतही नव्हती. आजींनी एकदा नातवाकडं बघितलं, एकदा नातीकडं.

"पोराच्या जातीनं," त्या म्हणाल्या, आणि जरा अडखळल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघालेले नव्हते. मग त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा घेतलं आणि शेवटपर्यंत, मोठ्यानं म्हटलं.

आता मात्र भाच्यानं भोकाड पसरलं. भाचीनं सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, केकमधून चेअरमनचा कान कापून घेतला आणि सगळ्यांच्या देखत सावकाश खाल्ला.