शेंगू वाटीतून पीत नाही

शिवराम पाटकरांनी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात चौतीस वर्षं पाइप फिटर म्हणून काम केलं. काम एकच, गळती थांबवायची. आम्लाच्या लाइनीवर थेंब दिसला की जेवणाचा डबा तसाच ठेवून उठायचं आणि पान्हा घ्यायचा. त्यांनी बांधलेला जोड पुन्हा उघडावा लागला, असं तीनदाच झालं. ते तिन्ही जोड कुठले, हे ते आजही सांगतात. निवृत्तीला पाच वर्षं झाली, तरी कोपरला त्यांच्या इमारतीत नळ ठिबकला की बोलावणं त्यांनाच येतं.

मुलगी संचिता कळव्याला एका लॅबमध्ये रक्त तपासते. दोन वर्षांपूर्वी तिने रंग बदलणारा सरडा घरी आणला. जात परदेशी, वनखात्याकडे रीतसर नोंद केलेली. शेवग्याच्या शेंगेसारखा हिरवा, म्हणून नाव शेंगू.

"लोकांच्या मुली मांजर आणतात," संचिताची आई मंजुळाबाई म्हणाल्या, पण पिंजऱ्याखालची फरशी रोज त्याच पुसू लागल्या.

या उन्हाळ्यात संचिताला नऊ दिवसांच्या ट्रेनिंगला नागपूरला जावं लागलं. निघताना तिने वडिलांना पिंजऱ्यासमोर उभं केलं. उभा जाळीचा पिंजरा, आत मनीप्लांट, वर दिवा. छतावर पाण्याची बाटली उलटी टांगलेली आणि तिला सलाइनची नळी जोडलेली.

"बाबा, शेंगू वाटीतून पीत नाही. साचलेलं पाणी त्याला कळतच नाही. पानावर हलणारा थेंब दिसला की चाटतो. सकाळी तासभर आणि दुपारी तासभर नळी चालू ठेवायची."

"ठेवतो."

पहिल्या दिवशी त्यांनी ठेवली. तासभर थेंब पडत होते आणि बहुतेक पाणी खालच्या ताटलीत जात होतं. शेंगू फांदीवर ढिम्म बसून होता. गळणारं पाणी बघत तासभर नुसतं बसणं, हे काम शिवरामना आयुष्यात कोणी दिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नळीचं चाक बंद केलं. बाटलीच्या तोंडाशी ओल दिसली, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळली. मग स्टीलची वाटी घासून, गाळलेलं पाणी भरून आत ठेवली. संध्याकाळी पाणी बोटभर उतरलेलं होतं.

"पितोय की," ते मंजुळाबाईंना म्हणाले. "पोरीचं आपलं काहीतरी."

तिसऱ्या दिवशीही पाणी उतरलं. चौथ्या दिवशी सकाळी संचिताचा फोन आला.

"डोळे कसे आहेत त्याचे?"

शिवराम जाळीजवळ गेले. एरवी बाहेर आलेले गोल डोळे आत बसले होते. "खोल गेलेत जरा."

"विष्ठेतला पांढरा भाग?"

"पांढरा कुठे? हळदीसारखा आहे."

"पिवळा म्हणजे पाणी कमी पडतंय. बाबा, नळी चालू आहे ना?"

हो म्हणता आलं असतं. पण गळणारा जोड आपला असला की सुपरवायझरने विचारायच्या आत हात वर करायची त्यांना सवय होती.

"नाही. परवापासून मी बंद केलेली. वाटी ठेवतोय. पाणी रोज उतरतंय त्यातलं."

"बाबा, वर दिवा आहे! दिव्याच्या उष्णतेनं आटतंय ते. दोन दिवस थेंब नाही गेला त्याच्या पोटात."

इतकी वर्षं बॉयलरशेजारी काढलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. "काय करू ते सांग."

"कोमट पाणी भरा. दोन सेकंदाला एक थेंब. संध्याकाळपर्यंत प्यायला नाही तर ठाण्याच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मी तुम्हाला इतकं सांगितलेलं..." तिने फोन बंद केला.

शिवरामनी ब्लेडने टेप कापली. बाटली भरली. मनगटावरच्या घड्याळात बघत चाक फिरवलं. थेंब आधी भरभर पडले, मग अडकलेच. थेंब नेमका शेंगूच्या तोंडासमोरच्या पानावर पडावा म्हणून कुंडी चार वेळा सरकवली. हे जमायला पाऊण तास गेला. मग ते स्टूल घेऊन समोर बसले.

शेंगू काळपट पडला आणि फांदीच्या मागे गेला. तास झाला तरी मागेच.

"अहो, असं टक लावून बसल्यावर कोण पाणी पिईल?" मंजुळाबाई म्हणाल्या. "दाखवायच्या मुलीसारखा लाजतोय तो."

"लाजत नाही. भितोय मला."

"मग उठा की तिथून!"

उठले, पण बघितल्याशिवाय कळणार कसं? त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून दांडीचा छोटा आरसा काढला. भिंतीकडच्या पाइपाची मागची बाजू गळते का, ते बघायचा. तो कपाटाच्या कडेला बांधला आणि स्वतः स्वयंपाकघरात जमिनीवर जाऊन बसले. आरशात फांदी दिसत होती. बाटली संपली, की वाकून जायचं, भरायची, परत यायचं. तिसऱ्यांदा भरून आले तोवर ताट वाढलेलं होतं. त्यांनी हात लावला नाही.

दीडच्या सुमारास आरशात एक पाय दिसला. शेंगूने एक पाऊल टाकलं, डोलला, थांबला. एक डोळा पानाकडे वळला. थेंब नाकावर पडला, तसा तो दचकला. पुढच्या थेंबाला त्याने तोंड उघडलं. गळ्याखालची कातडी हलली. पुन्हा हलली.

"प्यायला?" मंजुळाबाईंनी कुजबुजत विचारलं. शिवरामनी हाताने गप्प केलं.

त्यांनी फोन लावला तो शेंगू पूर्ण थांबल्यावर. "अकरा मिनिटं प्यायला. मध्ये दोनदा थांबला. चूक माझी होती."

"डोळे?"

"अजून आत आहेत. ठीक आहे असं आज सांगणार नाही."

"मी लवकर निघून येऊ का?"

"नको. तू काम पुरं कर. मी बसलोय."

दुसऱ्या दिवशी विष्ठेतला पिवळा रंग फिका झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या कागदावर स्वच्छ पांढरा ठिपका पडला. शिवरामनी चष्मा लावून, वाकून मोबाईलवर त्याचे तीन फोटो काढले आणि नागपूरला पाठवले.

"जेवायच्या वेळेला कसले फोटो काढता हो!" मंजुळाबाई ओरडल्या.

"तिला बघू दे," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.