मेस्त्रींचा तांबडा शब्द

नाव दशरथ, आणि घरात ना कौसल्या, ना सुमित्रा, ना कैकेयी. जोगेश्वरी पूर्वेच्या आमच्या बैठ्या चाळीत हा विनोद इतका शिळा झाला होता, की सांगणाऱ्यालाही त्याचं हसू येत नसे. तरी सांगितला जायचाच. दशरथ मेस्त्रीविषयी सांगण्यासारखं दुसरं काही कुणाच्या हाताला लागत नव्हतं, त्याला चाळ तरी काय करणार?

शेजारच्या खोलीतल्या शेवंतीने प्रयत्न कमी केले नव्हते. दोन खोल्यांच्या मध्ये फळ्यांची भिंत. पलीकडे स्टोव्हला किती पंप मारले ते अलीकडे मोजता यायचं. तीन वर्षं कान लावून तिने काढलेला निष्कर्ष असा, की मेस्त्रीभावजींच्या घरात एक ताट, एक वाटी आणि एक खोकला आहे. दुसऱ्या वाटीचा आवाज अजून आलेला नाही.

त्याचं लग्न का झालं नाही, यावर चाळीत तीन मतं होती. खरं कारण साधं होतं. मुलीकडचे विचारायचे, काय करता? हा सांगायचा, इस्पितळाची मशीन बनवतो. म्हणजे डॉक्टर? नाही. म्हणजे कंपाउंडर? नाही. मग इस्पितळात तुमचं काम काय? यावर दशरथ कागद मागायचा आणि पेन्सिलीने घशातला कफ ओढून काढायच्या यंत्राचं चित्र काढून दाखवायचा. पोह्यांची बशी समोर असताना. असं चारपाच ठिकाणी झाल्यावर बोलावणी बंद झाली.

बाप परळच्या गिरणीत सुतार होता. दशरथने डिप्लोमा केला आणि पहिली दहा वर्षं बिघडलेली परदेशी यंत्रं उघडण्यात घालवली. मोडलेला भाग परदेशातून यायला वर्ष लागायचं, तो हा अंधेरीच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात बसून आठवड्यात करून द्यायचा. मग शेठनी त्याला नवी यंत्रं आखायला बसवलं. यंत्रावर नाव कंपनीचं. त्याबद्दल दशरथची तक्रार नव्हती. यंत्र चाललं की लोक रोग्याकडे बघतात, यंत्राकडे नाही, असं तो म्हणायचा. कुणाला म्हणायचा हा प्रश्नच आहे, पण म्हणायचा.

त्र्याऐंशी साली त्याची आई इस्पितळात होती. हाताला सलाईन, वर काचेची बाटली. “थेंबावर लक्ष ठेवा, बाटली संपत आली की हाक मारा,” असं सांगून सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. एका सिस्टरला चाळीस खाटा. दशरथ दोन दिवस थेंब मोजत बसला. तिसऱ्या दुपारी त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा बाटली कोरडी होती आणि आईचं रक्त नळीतून वर चढलं होतं, वीतभर. सिस्टरनी सुई काढून दुसऱ्या हाताला टोचली आणि त्याला झाडलं. आई एवढंच म्हणाली, “ओरडू नका ओ त्याला. दमलाय तो.”

पाचव्या दिवशी ती गेली. मूत्रपिंडाने गेली, त्या बाटलीचा काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं. दशरथने दोन्ही वेळा मान हलवली आणि घरी येऊन पहिल्या कागदावर पहिली रेघ ओढली.

त्या रेघेचं यंत्र व्हायला तीन वर्षं लागली. साबणाच्या डबीएवढं. सलाईनच्या बाटलीखाली जिथे थेंब पडताना दिसतात, त्या नळकांड्याला चिमट्यासारखं बसवायचं. एका बाजूला बारीक दिवा, समोर उजेड ओळखणारा डोळा. थेंब पडला की उजेड क्षणभर अडतो. दहा सेकंदांत एकही थेंब पडला नाही, की खाटेच्या डोक्याशी तांबडी पाटी पेटते. भोंगा असावा असं शेठचं मत होतं. पण घाटकोपरच्या ज्या इस्पितळात चाचणी ठरली, तिथल्या उत्तरा सिस्टर म्हणाल्या, “भोंगा नको. चाळीस पेशंट एकदम दचकतील. मला लांबून दिसलं की पुरे.”

म्हणून पाटी. आणि पाटीवर मराठी शब्द. परदेशी यंत्रांवर सगळं इंग्रजीत असतं, वॉर्डातल्या आयाबायांना वाचता येत नाही, नातेवाइकांना येत नाही, याची दशरथला जुनी चीड होती. त्याने तांबड्या काचेवर काळा रंग चढवला, आणि त्यातून स्वतःच्या हाताने, सुतारबापाला शोभतील अशी तीन अक्षरं कोरून काढली. संपले.

चाचणी पंधरा दिवसांची. शेठनी स्वच्छ सांगितलं होतं, “सिस्टरनी सही दिली तर माल काढू. नाही दिली तर माळ्यावर.” गाळ्याच्या माळ्यावर दशरथची आधीची चार यंत्रं होती. चाराची पाच व्हायला त्याची हरकत नसती, पण हे यंत्र माळ्यावर जायला नको होतं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, भेटायच्या वेळेला दशरथ वॉर्डाच्या कोपऱ्यात वही घेऊन उभा होता. सव्वीस नंबरच्या खाटेवर धोंडिराम नावाचा गृहस्थ, पोटाचं ऑपरेशन झालेला, डोळे मिटून पडलेला. त्याची बायको द्रौपदी डबा घेऊन दारातून आत शिरली, आणि नेमकं त्याच वेळी शेवटचा थेंब पडला. दशरथने घड्याळ बघितलं. आठ, नऊ, दहा. पाटी पेटली. दशरथने वहीत बरोबरची खूण केली.

आता द्रौपदीबाई त्या वर्षीच विक्रोळीच्या प्रौढ शिक्षण वर्गात जाऊ लागल्या होत्या. बसच्या पाट्या, साबणाची वेष्टनं, दिसेल ते मोठ्याने जुळवून वाचायची त्यांना नवी खोड लागली होती. त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावरचं तांबडं अक्षर बघितलं आणि चालता चालता वाचलं, “सं... प... ले.”

डबा खाली पडला. सलाईन संपले आणि धोंडिराम संपले, व्याकरणाला दोन्ही सारखंच. खाटेवरचा माणूस हलत नव्हता. बाई खाटेच्या लोखंडी दांड्याशी बसल्या, हंबरडा फोडला आणि डाव्या हाताच्या बांगड्या दांड्यावर आपटायला सुरुवात केली. दोन वाढवून झाल्या, तेवढ्यात धोंडिरामने डोळे उघडले.

“काय झालं गं? कोण गेलं?”

द्रौपदीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पाटीकडे. मग रडणं तसंच ठेवून उठल्या.

“ह्ये कुणी लिवलं?”

दशरथ वही छातीशी धरून पुढे आला. “मी.”

“तुमी डाक्टर?”

“नाही. मी हे यंत्र बनवलं. सलाईन संपले असं—”

“जित्या माणसाच्या उशाला संपलं लिवत्यात व्हय, साहेब? तुमच्या घरी बाईमाणूस न्हाई का कुणी?”

“नाही,” दशरथ म्हणाला.

त्याने ते इतकं सरळ सांगितलं, की बाईंचा राग जागच्या जागी अडला. पदराने नाक पुसून त्या काचा गोळा करायला वाकल्या. दशरथही वाकला, तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. लागंल हाताला.”

उत्तरा सिस्टरनी बाटली बदलली, चिमटा सोडवला आणि डबी त्याच्या हातात ठेवली. “यंत्र चांगलं आहे, मेस्त्री. चार दिवस मला धावावं लागलं नाही. पण हे असं मी लावू देणार नाही. शब्द बदला. सोमवारपर्यंत आणलात तर बघू, नाहीतर शेठना तसं कळवते.”

तीन रात्री फळ्यांच्या भिंतीपलीकडे वाटीसुद्धा वाजली नाही. शेवंतीने नवऱ्याला सांगितलं, “भावजी जेवत नाहीत वाटतं.” नवरा, लवू, म्हणाला, “तुला त्यांच्या वाटीचं पडलंय, माझी अजून वाढली नाहीस.”

रविवारी दुपारी मेस्त्रींनी शेवंतीच्या दाराची कडी वाजवली. तीन वर्षांत पहिल्यांदा. समोरच्या खोलीतल्या चंपाने ते बघितलं आणि भिजवलेलं धुणं तसंच ठेवून ती दारात येऊन बसली.

शेवंती विळीवर बांगडे साफ करत होती. लवू पंख्याखाली पालथा.

“वहिनी, एक विचारायचं होतं. तुमच्याकडे तांदूळ संपले की तुम्ही काय म्हणता?”

शेवंतीने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. “वाढले म्हणतो. भरल्या घरात संपले कोण म्हणतं ओ? कुंकू वाढलं, मीठ वाढलं, तांदूळ वाढले. तुमची आई काय म्हणायची?”

दशरथ दाराशीच टेकला. आई हेच म्हणायची. सहा वर्षांचा असताना तिने डब्यात हात घालून “वाढले रे तांदूळ” म्हटलेलं ऐकून तो गल्लीभर ओरडत सुटला होता, आमच्याकडे तांदूळ वाढले म्हणून. आईने त्याला बखोटीला धरून आणलं, पाठीत एक घातली आणि त्या दिवशी दोघांनी पेज प्यायली. हे तो विसरला होता असं नाही. पण एकट्या माणसाचा डबा रिकामा झाला तर ते कुणाला सांगायचं नसतं. सांगायचं नाही, मग शब्द कशाला लागतो? तीन वर्षांत तो कुठेतरी पडला, आणि पडल्याचा आवाजही आला नाही.

त्याने गुरुवारची हकिकत सांगितली. शेवंती हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. “मग लिहा की वाढले.”

“नाही चालणार. सिस्टर वाचेल, सलाईन वाढलं. जोर वाढला समजून चावी बंद करेल.”

“होय तर,” पंख्याखालून लवू म्हणाला. “बदला लिहा. बाटली बदला.”

“तांबड्या अक्षरात बदला?” शेवंती म्हणाली. “वॉर्डात पिक्चर लागलाय काय? कोण कुणाचा घेणार?”

“भरा?” दशरथने विचारलं.

“पेट्रोल पंप,” लवू म्हणाला.

“रिकामे?”

“ती पाटी ह्यांच्या डोक्यावर लावा. फिट्ट बसेल.”

दशरथही थोडा हसला. हसायची सवय नसल्याने ते खोकल्यासारखं झालं. आणखी दोनचार शब्द झाले, तेही विळीखाली गेले. बांगडे संपत... वाढत आले होते. तो उठला.

“बरं, जातो.”

शेवंतीचा हात थांबला. “भावजी, घरातून निघताना जातो म्हणू नये माणसाने. येतो म्हणावं. तेवढंही राहिलं नाही होय तुमचं?”

“येतो.”

“हां. या.”

एक चप्पल पायात, एक हातात, असा दशरथ उंबऱ्यावर उभा राहिला.

“काय म्हणालात, वहिनी?”

“या म्हटलं.”

“परत म्हणा.”

लवूने मान उचलून बायकोकडे बघितलं. समोर चंपा अर्धी उठली. “या,” शेवंती जरा जपूनच म्हणाली. दशरथने चप्पल घातली आणि तो जवळजवळ धावत गेला. त्या ‘परत म्हणा’वर चाळीने पुढचे आठ दिवस काढले.

सोमवारी सव्वीस नंबरच्या उशाशी नवी काच लागली. एकच अक्षर, मोठं, चाळीस खाटांच्या टोकावरून दिसेल असं. साडेबाराला बाटली कोरडी झाली आणि ते पेटलं. द्रौपदीबाई उशाशीच होत्या, डाव्या हातात दोन नव्या बांगड्या. त्यांनी वाचलं, “या.” मग दशरथला विचारलं, “कुणाला म्हणतंय?”

“सिस्टरना.”

आणि खरंच, पलीकडच्या टोकाकडून उत्तरा सिस्टर येताना दिसल्या.

“बरं झालं,” द्रौपदीबाई म्हणाल्या. “म्हंजी आता मला वरडाय नको.” आणि मुद्दाम नवऱ्याच्या उशीकडे बघून त्यांनी ते अक्षर आणखी एकदा वाचलं.

चाचणी पुरी झाली, सिस्टरची सही मिळाली. कागदावर ‘यंत्र कोणाचे’ या रकान्यात कंपनीचं नाव होतं. शेठनी गाळ्यात पेढे वाटले आणि सांगितलं, “मेस्त्री, आता दिवा किती टिकतो ते काढा. दोनशे तास तरी पाहिजेत.”

गाळ्यात विजेचा भरवसा नव्हता, म्हणून एक पाटी दशरथने घरी आणली, खिडकीसमोरच्या भिंतीला अडकवली आणि पेटती ठेवून तो कामावर जाऊ लागला.

तिसऱ्या संध्याकाळी शेवंती लवूला म्हणाली, “भावजींच्या खोलीत कुणीतरी आहे.”

“वाटी वाजली?”

“वाटी नाही. कुलूप काढलं, आणि आत शिरताना म्हणाले, आलो. मी माझ्या कानांनी ऐकलं. रिकाम्या खोलीला कुणी आलो म्हणतं?”

चौथ्या संध्याकाळीही ऐकलं. पाचव्या संध्याकाळी तिला राहवेना. वाटीभर सोलकढी घेऊन ती पलीकडे गेली. दार उघडंच होतं. दशरथ पाठमोरा, स्टोव्ह पेटवत होता. एक ताट, एक वाटी. आणि समोरच्या भिंतीवर तांबडं ‘या’.

शेवंती दारातच थांबली. इतकी वर्षं जपून ठेवलेले टोमणे तोंडाशी आले होते, ते कुठे गेले कळेना.

दशरथ वळला आणि ओशाळला. “दिवा तपासतोय, वहिनी. दोनशे तास टिकायला हवा.”

“आणि मग?”

“मग काढायचा.”

तिने सोलकढी ठेवली. दुसरी वाटी त्या खोलीत पहिल्यांदाच वाजली, तीही तिचीच. “येते हं, भावजी,” ती म्हणाली.

“या,” दशरथ म्हणाला.

चाळीने विचारलं तेव्हा शेवंती म्हणाली, कुणी नाही, रेडिओ असेल. चंपाला ते पटलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोनशे तास भरले. दशरथने वहीत तारीख घातली, पुढे ‘ठीक’ असं लिहिलं. दिवा काढायचा मात्र राहून गेला.