ठळक ठिपका

"ह्या आठ नावांचे नंबर काढ. खाली नुसते ठिपके दे."

सरांनी प्रुफाच्या कागदावर लाल पेननं आडवी रेघ मारली. रेघेच्या वर गाव. रेघेच्या खाली आम्ही.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बोळात माडीवर डीटीपीचं दुकान होतं. नव्वदचं दशक संपत आलेलं. मी तिथं ऑपरेटर होते. दिवसभर लग्नपत्रिका, बिलबुकं, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट. त्या आठवड्यात आमच्याच गावच्या शाळेची स्मरणिका छापायला आली. शाळेला पन्नास वर्षं झाली होती. सर म्हणजे त्या शाळेचे जुने हेडमास्तर. रिटायर झालेले, स्मरणिका समितीचे अध्यक्ष. त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलेलं. मी त्यांना दारातच ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही.

पानाचा मथळा होता, 'शाळेच्या इमारतीसाठी श्रमदान करणारे ग्रामस्थ'. हातानं लिहून आलेल्या कागदावर वरच्या नावांना आकडे होते. मग 'तसेच' असा एक शब्द. त्याखाली आमच्या बौद्धवाड्यातली आठ नावं. आकड्याविना. मला वाटलं, लिहिणारा कंटाळला असेल. कॉम्प्युटरवर नंबराचं बटण एकदा दाबलं की एंटर मारल्यावर पुढचा आकडा आपोआप येतो. 'तसेच' हा शब्द मी गाळला आणि टाइप करत गेले. वरची चाळीस नावं संपली, एकेचाळीस आला, मग बेचाळीस. बेचाळिसावं नाव माझ्या बाचं होतं.

मी विचारलं, "का काढायचे, सर?"

"अगं, नंबर दिले की सगळे एकाच यादीत आल्यागत दिसतंय."

"एकाच कामाची यादी हाय न्हवं?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

"कुठल्या गावची गं तू?"

मी गाव सांगितलं.

"कुणाची?"

मी बाचं नाव सांगितलं.

त्यांचा चेहरा फुलला. खोटं कशाला बोलू, खरंच फुलला. "आत्ता गं! लंगड्याची पोरगी व्हय तू!" मग मालकांकडं वळून म्हणाले, "बघा मालक. आमच्या शाळेत शिकून पोरगी कॉम्प्युटरवर बसली. शाळा काय करती बघा." मग माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. खुर्चीला हात लागणार नाही एवढ्या अंतरावर. स्क्रीनकडं बोट करून म्हणाले, "मग असं कर. तुझ्या बापाच्या नावापुढं जरा ठळक ठिपका दे. आपलंच माणूस हाय."

मालक हसले. सर हसले. त्यांना वाटलं, मला बरं वाटेल.

माझा हात चालला. आठ ओळी निवडल्या, ठिपक्यांचं बटण दाबलं. आकडे गेले. तेव्हाच्या मराठी फॉन्टात ठिपका धड उमटायचा नाही. त्याच्या जागी भलतंच अक्षर यायचं. मग फॉन्ट बदलून एकेक नीट करावा लागायचा. सर स्टुलावर बसून चहा पीत होते आणि मी आमच्या आळीपुढं एकेक ठिपका नीट करत होते. शेवटी बाचा. तो मोठा केला. ठळक केला.

"हां. आता झकास," सर म्हणाले. "उद्या येऊन प्रिंट नेतो."

लंगड्या.

माझा बा जन्माचा लंगडा नव्हता. शाळा निघाल्यावर वीसेक वर्षांनी तिची इमारत उठत होती, तेव्हा तो जवान गडी होता. शेवटच्या थराचा दगड वर घेताना दोर सुटला आणि दगड त्याच्या गुडघ्यावर बसला. मी तेव्हा जन्मले नव्हते. मला आठवतो तो तसाच, एक पाय टेकायचा आणि दुसरा ओढत आणायचा. आमच्या घरात त्या पायाला 'शाळंचा पाय' म्हणायचे. पावसाळ्यात तो ठणकायला लागला की बा म्हणायचा, "शाळा बोलाय लागली बघ." मग थोरली बहीण त्याचा धड पाय चेपायची, मी शाळंचा. मला शाळेत घातलं त्याच्या कितीतरी आधीपासून मी शाळेचा पाय चेपत होते.

शाळेत सर हजेरी घ्यायचे. एकेकाचं नाव, एकेकाचं 'हजर'. आम्ही तिघं-चौघं भिंतीकडेला बसायचो. आमची नावं पटावर होती. पण वाचायची वेळ आली की सर पट मिटायचे आणि वर न बघता म्हणायचे, "आणि तिकडची हाईत न्हवं?"

आम्ही सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "व्हय."

एकदा मी एकटीच 'हजर' म्हणाले. सगळा वर्ग हसला. सरही हसले. मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. मार विसरतो माणूस.

त्या संध्याकाळी एसटीनं कागलच्या अलीकडं फाट्यावर उतरले आणि गावाकडं चालायला लागले. बा जाऊन दोन वर्षं झाली होती. तो गेल्यापासून त्या वाटेवर मला कधीमधी मागं पाऊल ऐकू यायचं. एक टेकलेलं, एक ओढलेलं. कुणाला सांगितलं नव्हतं. लोक म्हणाले असते, पोरीला लागिर झालंय. त्या दिवशी ते पाऊल फाट्यापासून घरापर्यंत आलं. मी थांबले की ते थांबायचं. मी मागं बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. त्या तोंडाला काय सांगणार होते मी? तुझा ठिपका ठळक केला म्हणून?

आई भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पुस्तकात नाव आलं न्हवं? झालं की मग. नोकरी संभाळ."

परातीवर तिचे हात चालत राहिले. मग तिनंच विचारलं, "ठिपका म्हंजी कसा असतोय?"

मी परातीतल्या पिठात बोट टेकवलं.

"आणि वरच्यास्नी काय हाय?"

मी पिठात आकडे काढले. एक, दोन, तीन. आईला अक्षर येत नव्हतं, पण आकडे कळायचे. एसटीचा नंबर बघून ती एकटी कोल्हापूरला यायची. ती त्या आकड्यांकडं बघत राहिली. मग ठिपक्याकडं.

"म्हंजी ह्यो मोजला न्हाय."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिनं ती काढली नाही.

"त्या दिवशीबी न्हाय मोजला," ती म्हणाली.

"कवा?"

मग तिनं सांगितलं. इतकी वर्षं हे मला ठाऊक नव्हतं. इमारतीचं उद्घाटन होतं तेव्हा बाचा पाय हाडवैद्यानं कामट्या लावून बांधलेला होता. हलायचं नाही म्हणून सांगितलेलं. तरी बा धुतलेला सदरा घालून चुलत्याच्या पाठंगुळीला बसून गेला. त्याला वाटलं, नाव घेतील. घेतली नावं. गावातल्या राबलेल्या सगळ्यांची घेतली. ह्याच हेडमास्तरांनी वाचली. शेवटी म्हणाले, "आणि इतर." लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना चावडीपाशी बा चुलत्याला म्हणाला, "खाली ठेव मला." आणि त्या मोडक्या पायानं घरापर्यंत चालत आला.

"त्या दिवशी हाड सरकलं, ते कायमचंच," आई म्हणाली. "दगडानं पाय मोडला हुता. वाकडा त्या चालण्यानं झाला."

"मग आमाला कधी का सांगितलं न्हाई त्यानं?"

"काय सांगायचं? तुमास्नी त्याच शाळंत घालायचं हुतं."

आम्ही दोघीही त्या दिवशी जेवलो नाही. झोप लागली तेव्हा मला बा दिसला. चावडीपाशी. तोंड नव्हतं त्याला. सदरा होता, पाय होता, आणि तोंडाच्या जागी काळं गोल.

सकाळी दुकानात पहिलं काम मी तेच घेतलं. खालच्या आठ ओळी निवडल्या आणि परत नंबर दिले. तर त्यांचा एक, दोन असा वेगळाच हिशेब सुरू झाला. मी वरच्याच यादीला जोडून पुढं चालू ठेवलं. एकेचाळीस. बेचाळीस. प्रिंट काढली आणि टेबलावर ठेवली. घरात माझ्या पगाराशिवाय काही येत नव्हतं, हे मला माहीत होतं.

सर आले. कागद उचलला.

"हे काय?"

"नंबर हाईत, सर."

"काल काय सांगितलं होतं?"

"सांगितलं हुतं तुमी. मी करणार न्हाय."

दुकानात एक लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक बसलं होतं. ते माझ्याकडं बघायला लागलं. सरांनी आवाज खाली घेतला.

"बापाचं नाव घातलं म्हणून माजलीस काय गं? घातलंच नसतं तर काय करणार होतीस?"

"मग काढा. मोजणार असाल तर ठेवा, न्हायतर काढा. ठिपक्यात ठेवू नगा."

"तू कोण सांगणार?"

"त्याची पोरगी."

मालक उठले. चांगला माणूस होता तो. दिवाळीला साडी द्यायचा, उशीर झाला तर स्टँडवर सोडायचा. माझ्याकडं न बघता म्हणाला, "ऊठ जरा. मी करतो."

मी उठले. तो माझ्या खुर्चीत बसला आणि त्यानं आठ नावांचे आकडे काढले. त्याला काही वेळ लागला नाही. स्क्रीनकडं बघतच म्हणाला, "उद्यापास्नं येऊ नको. मला गिऱ्हाईक संभाळायचं हाय."

मी जिना उतरले. जिंकले-बिंकले काही नव्हते. रस्त्यावर आल्यावर रडू आलं, कारण महिना कसा निघणार ते कळत नव्हतं. पण पाठीमागं पाऊल नव्हतं. बसस्टँडपर्यंत मी कान देऊन चालले. नव्हतंच.

स्मरणिका छापून आली. आठ नावं, आठ ठिपके. बाचा ठळक. मालक तेवढं विसरला नव्हता. कार्यक्रमाला आई गेली नाही, मीही गेले नाही. शाळेचा शिपाई शाल-नारळ घरी घेऊन आला. आईनं दारातूनच परत पाठवला. "ज्येंची मोजणी झाली त्येंस्नी द्या," म्हणाली.

तो ठिपका मात्र माझ्या मागं लागला. भिंतीवर माशी बसली की मी उठून ती उडवायचे. तांदूळ निवडताना काळा खडा दिसला की हात थांबायचा. माझं लग्न झालं, पोरगी झाली. तिच्या गालाला काजळाची तीट लावायला सासू आली, तेव्हा मी ओरडले. सासूला कारण कळलं नाही. मलाही सांगता आलं नाही.

पुढं कागलात भाड्याच्या खोलीत मी जुना कॉम्प्युटर घेऊन बसले. अर्ज, दाखले, पत्रकं. चाललं. काही वर्षांनी सर वारले. त्यांचा मुलगा माझ्याकडं आला. शहरात नोकरीला असायचा, मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं.

"ताई, श्रद्धांजलीचं पत्रक करायचंय. उद्या दहावा आहे."

मी कागद घेतला. वर फोटोला जागा. खाली 'जीवनकार्य', आकडे घालून. पहिलाच मुद्दा होता, 'गावच्या शाळेची इमारत स्वतःच्या हिमतीवर उभी केली.'

मी कागद परत दिला. "पहिला मुद्दा काढा. मग करून देते."

"का हो?"

"इमारत त्येंनी उभी केली न्हाय. दगड माझ्या बानं उचलल्यात. त्याचा पाय गेला त्यात. आमच्या आळीतली आणखी सात माणसं हुती. गावातलीबी हुती. त्या सगळ्यांची नावं घाला, मग तुमच्या वडलांचं घाला."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. काहीतरी कानावर आलं असावं त्याच्या कधीतरी. हळू आवाजात म्हणाला, "मेल्या माणसाशी कसलं वैर, ताई?"

"माझा बा बी मेलेलाच हुता. स्मरणिका छापली तवा."

तो कागदाची घडी घालून गेला. पत्रक दुसरीकडं झालं. पहिला मुद्दा तसाच छापला. आमच्या गावात घराघरात गेलं ते.

त्याच आठवड्यात मी अर्ज टाइप केला. शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला एक फरशी बसवा, तिच्यावर इमारतीसाठी राबलेल्या सगळ्या माणसांची नावं कोरा, वरची-खालची करू नका. शाळेच्या कमिटीनं ठेवून घेतला. उत्तर नाही. दुसरा दिला. नाकारला. तिसरा द्यायला मी स्वतः गेले, पोरीला बरोबर घेऊन. चेअरमन आता नवा आहे, माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला. ज्यांचं 'हजर' एकेकाचं घेतलं जायचं त्यांच्यातला.

तो वैतागून म्हणाला, "मेली की गं ती सगळी माणसं. आता ह्यात तुला काय मिळणार हाय?"

मी म्हटलं, "मला काय मिळायचं न्हाय. पर तुमाला ह्यातनं सुटू देणार न्हाय."

अर्जाची पोच घेतली. चौथा टाइप करून ठेवलाय.