बूथवरची तीन मतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, हॉस्टेलच्या खोलीत दोन वर्षं शेजारच्या पलंगावर झोपलेल्या मैत्रिणीलाही नाही. मी तशी कमीच बोलते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठीत अडखळते, असं घरचे म्हणतात. पण हे न सांगण्याचं कारण भाषा नव्हतं.

पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर अक्का राहतात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. कॉलनीतलं एकमेव बौद्ध घर त्यांचं. नळाला पाणी आलं नाही की महापालिकेत जाऊन भांडायच्या त्या अक्का, आणि म्हाताऱ्यांचं बीपी तपासायच्या त्याही अक्काच. आमच्या घरात दुपारी गोंगाट असायचा, म्हणून मी त्यांच्या पुढच्या खोलीत अभ्यासाला बसायचे. "या मॅडम," असं चिडवायच्या आणि मग तासभर एक शब्दही बोलायच्या नाहीत. माझ्यासारखीला याहून जास्त काय हवं असतं?

मग अक्का महापालिकेला अपक्ष उभ्या राहिल्या. माझं ते पहिलंच मतदान. आमच्या प्रभागात चार जागा, म्हणजे प्रत्येकाने चार मतं द्यायची. आमची कॉलनी वर्षानुवर्षं एकाच पक्षाचं अख्खं पॅनेल निवडते — चारही बटणं एकाच चिन्हाची. तीन मतं त्यांना आणि एक अक्कांना, असं सहज करता आलं असतं. अक्का प्रचाराला दारात आल्या की सगळे म्हणायचे, "तुम्हालाच अक्का, विचारायचं काय त्यात!" एकदा त्या गेटबाहेर पडतात न पडतात तोच समोरचे नाना म्हणाले, "बीपी अक्काकडे, मत पॅनेलला!" सगळे हसले. मी — मीही हसले. थोडंसं.

मतदानाच्या सकाळी पप्पा पोहे खाताना म्हणाले, "पॅनेल फोडू नका कुणी. बूथचा आकडा बाहेर येतो, मग लोक घरं मोजत बसतात."

त्यांनी सक्ती केली का? नाही. बूथवर पुठ्ठ्याच्या आडोशामागे माझ्याबरोबर कोण होतं? कुणीच नाही. अक्कांचं शिवणयंत्राचं चिन्ह समोर होतं. बोट तिथपर्यंत गेलंही. आणि मनात आलं — त्यांच्या घराबाहेरचं एखादं मत दिसलं, तर ते माझंच हे सगळ्यांना लगेच कळेल. 'तिथेच तर बसलेली असते ती,' म्हणतील. पण हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं लिहायला हात धजत नाही — मला 'त्यांच्यातली' म्हणवून घ्यायचं नव्हतं. ज्या घरात इतक्या दुपारी काढल्या, त्या घरातली. मी चारही बटणं पॅनेलची दाबली.

एवढ्यावर थांबलं असतं, तर कदाचित विसरलेही असते. संध्याकाळी अक्का रस्त्यात भेटल्या. त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. मीच शाईचं बोट पुढे करून म्हटलं, "अक्का, मी तुम्हालाच दिलं." कुणी न विचारता मी आधी कधी बोलले होते? त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी वेळ.

मतमोजणीत आमच्या बूथवर अक्कांना तीन मतं पडली. त्यांच्या घरात मतदार तीन — अक्का, त्यांचे मिस्टर आणि मुलगा विनोद. पण अक्कांनी मोजताना मलाही धरलं होतं.

विनोद एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता, आणि ठेकेदार पॅनेलच्या प्रचारात. माझी नोकरी जाईल, तू उभी राहू नको, म्हणून तो आईशी भांडलाही होता. निकालानंतर मी त्यांच्याकडे गेले, तर आतून आवाज येत होते.

"माय, तुलेच दिलं मी. तुझी शपथ."

"मग चार पाहिजे होती. तीन कशी आली?"

"ती पोरगी खोटं बोलली असेल."

"ती कशाला खोटं बोलीन? मी विचारलं तरी होतं का तिला?"

मी पायरीवर उभी होते. दार उघडंच होतं. एक वाक्य पुरलं असतं — मराठीत, इंग्रजीत, कसंही. मी चपला वाजू न देता घरी आले.

अक्कांनी त्याला पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. त्याच्याशी फक्त गरजेपुरतं बोलू लागल्या. जेवायला वाढायच्या आणि आत निघून जायच्या. काही महिन्यांनी विनोद सुरतला गेला. पुढे लग्नही त्याने तिकडेच केलं. अक्का पाहुण्यासारख्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. आल्यावर मला पेढे द्यायला घरी आल्या होत्या. आईसमोर म्हणाल्या, "एवढ्या कॉलनीत ही एकटी माझी निघाली." आई माझ्याकडे बघत राहिली. मी पेढा खाल्ला.

त्यानंतर मला किती दुपारी मिळाल्या? पुढच्या खोलीत अक्का एकट्या, मी एकटी, मध्ये कुणी नाही. एकही दुपार मी वापरली नाही.

विनोदने मत आईलाच दिलं होतं. हे त्याच्याइतकंच मला माहीत आहे. अक्कांना माहीत नाही.