नाकाला लावलेलं बोट

आमच्या जगतपुऱ्याच्या सोसायटीत, क्लब हाऊसच्या सतरंजीवर, दर शनिवारी तान्ह्या पोरांचा क्लास भरतो. तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकवतात! मी नातवाला, निहारला, घेऊन जाते. बोलता न येणारी पोरं जमली की इतकं काही घडतं, की घरी पोचेपर्यंत माझ्या पोटात मावत नाही.

*

पहिल्याच दिवशी टीचर म्हणाल्या, “नाकाला बोट म्हणजे आई.”

“अगं बाई, ही तर आमची नथ!”

“हो आजी. आणि मिशी म्हणजे बाबा.”

निहार लगेच शिकला. गेटवरच्या चौकीदाराच्या झुपकेदार मिशा बघून त्याने ओठावर बोट फिरवलं आणि घेतली की झेप त्याच्याकडे! माझा मुलगा, गुळगुळीत चेहऱ्याचा बँक ऑफिसर, शेजारीच उभा.

चौकीदार घाबरून म्हणाला, “साहब, मेरी कोई ग़लती नहीं!”

*

बाकीच्या बायका हौसेने येतात. सुगना मात्र खातीपुऱ्याहून बस बदलून येते, कारण तिच्या पीहूला ऐकू येत नाही. सासऱ्यांनी बजावलेलं, “हाथ नचाने से छोरी गूँगी ही रहेगी. तीज तक देखूँगा, फिर बंद!”

श्रावणातला तीजेचा सण तोंडावर आला, तरी पीहू एक खूण करेना.

मी विचारलं, “घर में सिखाती है ना, बेटा?”

“दिनभर, माँजी.”

“घुंघट में?”

सुगनाने मान हलवली. सासरे दिवसभर अंगणात बसलेले, मग पदर वर कसा करणार? टीचरचा चेहरा पडला. अर्धी खूण हातात असते, अर्धी चेहऱ्यावर!

*

मग सुगनाने युक्ती काढली. कपडे धुवायच्या निमित्ताने न्हाणीघराचं दार लावायचं, नळ सोडायचा, पदर मागे टाकायचा आणि पोरीला शिकवायचं.

चारच दिवसांनी बाहेरून सासऱ्यांची काठी आपटली. “बहू! इतने कपड़े किसके हैं?”

*

आणि एकदाची पीहूने पहिली खूण केली. ती नेमकी सासऱ्यांसमोर!

ते जेवत होते. ताट रिकामं झालेलं बघून तिने दोन्ही हात झटकले. म्हणजे ‘संपलं’. सासऱ्यांना वाटलं, नात आपल्याला ताटावरून हाकलतेय!

“यही सिखाते हैं वहाँ? शनिवार को मैं ख़ुद आऊँगा!”

सुगनाने हे सांगितलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. माझी सून मृणाल म्हणाली, “आई, आता गेला हिचा क्लास.”

*

शनिवारी ते आले. पांढरं धोतर, हातात काठी. पुढच्याच खुर्चीवर बसले. सुगनाने घुंघट हनुवटीखाली ओढला.

टीचर म्हणाल्या, “पीहू?”

पीहू आईसमोर उभी. समोर नुसतं लाल कापड. हात खालीच.

मी मनात देवाला हाका मारत होते.

सासऱ्यांनी काठी टेकली. “देख लिया. चलो, बहू.”

तेवढ्यात पीहूने त्या लाल कापडाकडे बघत नाकाला बोट लावलं. थांबली. परत लावलं. मग कापडाखाली वाकून बघायला लागली.

सुगनाचा हात पदरापर्यंत गेला, पण पदर काही वर होईना.

सासऱ्यांनी आधी नातीकडे बघितलं, मग त्या लाल कापडाकडे. मग उठले. खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

भिंतीकडे बघतच म्हणाले, “अब बताओ बहू, क्या कह रही है मेरी पोती?”