बिडी चेतवून आण

विमलबाई तशी कमी बोलणारी. सासर मोताळ्याजवळचं, घरची सहा एकर शेती, नवरा गुलाबराव कष्टाला वाघ. दारूच्या थेंबालाही तो शिवत नसे आणि त्याचा कोण तोरा! गावात कुणाचं पोरगं बिघडलं की हा ओट्यावर बसून त्याच्या आईबापांचा उद्धार करायचा. बिडी मात्र हवीच, आणि तीही स्वतः पेटवायची नाही. खिशात माचिस असली तरी पोराला हाक जायची, "शिवम, बिडी चेतवून आण बे." घरात गॅस आला, तरी आंघोळीच्या पाण्याची चूल अंगणात रोज पेटायची. शिवम बिडी तोंडात धरून निखाऱ्याला टेकवी, एक झुरका मारी आणि बापाच्या हातात देई. गुलाबरावानंही लहानपणी आपल्या बापासाठी हेच केलं होतं. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, विमलबाईलाही नाही.

शिवमला तेरावं लागलं. एका सकाळी चुलीपाशी त्यानं दुसरा झुरका मारला, मग तिसरा. धूर नाकातून असा सफाईनं सोडला की पलीकडे धुणं वाळत घालणारी विमलबाई हातातलं लुगडं तसंच धरून बघत राहिली. आज बिडी, उद्या देशी, या धास्तीनं तिला दिवसभर घास गोड लागला नाही. पोराला मारावं तर कोणत्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी शेजारचा भागवत ओट्यावर चहा पीत बसला होता. हाक आली. विमलबाईनं शिवमच्या हातून बिडी घेतली, स्वतःच्या तोंडात धरली, चेतवली आणि खोकत खोकत नवऱ्याच्या हातात नेऊन दिली.

गुलाबरावाचं तोंड पाहण्यासारखं झालं. "हे काय थेर? लाज हाय का नाही तुले?"

"म्या ओढली त तुमाले लाज वाटली. लेकराची काऊन नाही वाटली? काल तीन झुरके मारले त्यानं."

भागवतनं कप ठेवला आणि काढता पाय घेतला. गुलाबरावानं ताडकन उठून शिवमची गचांडी धरली. "कवापासून ओढतो बे?"

पोरगं घाबरलं होतं, पण खोटं बोललं नाही. "तुमी पयल्यांदा चेतवाले सांगतली, तवापासून."

गुलाबरावाची पकड सुटली. बिडी पायाखाली चिरडून तो ओट्यावर मटकन बसला. त्याचंही असंच सुरू झालं होतं, आठव्या वर्षी. फक्त त्याला हे कधी कुणी विचारलं नव्हतं.