आधी लाल, मग गोड

आमच्या दादाचा विश्वास फक्त स्वतःच्या जिभेवर. दूध आलं की आधी हुंगणार, वहिनीने भाजी वाढली की "कालची तर नाही ना?" विचारणार. तीस वर्षं वाइनच्या कारखान्यात चव बघायचं काम केलं की माणूस असा होतो. मीही काही कमी संशयी नाही म्हणा, बहीण कुणाची. त्याच कारखान्यात मी पेले धुते.

दादाची शिस्त कडक. आधी लाल, मग गोड. लाल वाइनचा घोट तोंडात घोळवायचा, भांड्यात थुंकायचा, मग सांगायचं: पिकलेलं जांभूळ आहे, आलुबुखार आहे, शेवटी जराशी मिरी. गोड वाइन सगळ्यांत शेवटी, कारण तिचा मध आणि जर्दाळू एकदा जिभेवर बसला की मागून घेतलेली चांगली लालसुद्धा आंबट, पाणचट लागते. आम्हा सगळ्यांना हे शिकवलं त्यानेच.

यंदा दर मंगळवारी लालचं सात नंबरचं एकच पिंप चवीला असायचं. सलग तीन मंगळवार त्याने मालकीणबाईंना सांगितलं, "सात नंबरचं पिंप पातळ झालंय. फळाची चवच गेली. कोणीतरी पाणी घालतंय." तळघराची किल्ली एकट्या पिंपवाल्याकडे. पिंपातली वाइन उडून कमी होते, ती दर आठवड्याला भरून काढणं त्याचं काम. नाकासमोर चालणारा माणूस, दोन मुलींचा बाप. मालकीणबाई म्हणाल्या, पुढच्या मंगळवारीही हेच निघालं तर त्याने घरी बसायचं.

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकत होती. एवढा गरीब चेहरा करून कोण फिरतं? त्यात तिसऱ्या मंगळवारी चव बघायच्या आधीच धुवायला एक छोटा पेला आला. काठ चिकट, गोड वाइनचा. थुंकायचं भांडं मात्र कोरडं ठणठणीत. म्हटलं, हा पिंपवाला चोरून पितोय, पुढच्या वेळी रंगेहाथ पकडते. चौथ्या मंगळवारी लवकर जाऊन दाराआड उभी राहिले.

आला दादा. कपाट उघडलं, अर्धा पेला गोड वाइन ओतली, डोळे मिटले आणि गिळली. डॉक्टरांनी त्याची साखर बंद केलेली, वहिनीने साखरेचा डबा कुलपात टाकलेला. एरवी मी हसले असते. पण आता यावर तो लाल घेणार होता. मी तांब्या भरला आणि कोरडा पाव शोधायला गेले.

थोड्या वेळाने मालकीणबाई आल्या, पिंपवालाही आला. दादाने लाल घोळवली, थुंकली. "आजही तेच. पाणी."

"बाई, मी काही केलेलं नाही हो," पिंपवाला म्हणाला.

मी पाण्याचा तांब्या आणि कोरडा पाव दादापुढे ठेवला. "दादा, चूळ भर. पाव खा. मग परत घे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय हे त्याला कळलं. एका शब्दात तो मला गप्प करू शकला असता. पण त्याने चूळ भरली, पाव सावकाश चावला, थोडा थांबला आणि नवा घोट घेतला. तो बराच वेळ तोंडात ठेवला.

"जांभूळ आहे," तो म्हणाला. "चांगली दाट आहे. काही बिघडलेलं नाही."

"मग तीन आठवडे काय सांगत होतात?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मी आधी गोड पीत होतो."

मालकीणबाईंनी पिंपवाल्याला कामाला जा म्हणून सांगितलं. दादाला म्हणाल्या, उद्यापासून तुम्ही येऊ नका.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. वहिनी आत होती. दादा हळूच म्हणाला, "गप्प बसली असतीस तर?"

"तर तो बिचारा घरी बसला असता."

"त्याला कुठेही काम मिळालं असतं गं. मला दुसरं येतंय काय?"

मला फार वाईट वाटलं. रडूच आलं. पण रडतानाही मनात एकच घोळत होतं. लाल आंबट का लागतेय, हे तीन आठवडे त्याला खरंच कळलं नव्हतं? ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.